स्पोर्ट्‌स कार आणि डावीकडची सीट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यातले प्रश्न स्पोर्ट्‌स गाड्यांबद्दलचे आहेत, पण इंजिनाबद्दलचे थोडेच. बहुतेकांना गाडीत शेजारी कोण बसेल, बसलेलं माणूस टिकेल का, हेच विचारायचं आहे.

प्रश्न : वय २९, हिंजवडीत नोकरी. सात वर्षं जुनी, दोन सीटची कन्व्हर्टिबल (छत उघडणारी गाडी) ४५ लाखांत मिळतेय. १५ लाख हातात आहेत, बाकीचं कर्ज. मुलींचं लक्ष जावं हाही हेतू आहे, लपवत नाही. घरचे स्थळं बघतायत. फरक पडेल का? – पुणे

लक्ष जाईल, पण कोणाचं ते आधी समजून घ्या. सिग्नलला काच खाली करून 'भाऊ, ॲव्हरेज किती देते?' विचारणारे, मोबाइल काढून मागे लागणारे, पार्किंगमध्ये टेकून फोटो काढणारे जवळजवळ सगळे पुरुष आणि शाळकरी मुलं असतात.

मुलींच्या बाबतीत संशोधन झालेलं आहे. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफच्या संशोधकांनी एकाच पुरुषाचे फोटो महागड्या बेंटली कॉन्टिनेन्टलमध्ये आणि साध्या फोर्ड फिएस्टामध्ये बसवून दाखवले. बेंटलीतला तोच माणूस बायकांना जास्त देखणा वाटला. म्हणजे परिणाम आहे. पण २०११ मध्ये अमेरिकेत जिल संडी आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला. स्पोर्ट्‌स गाडी पोर्शे बॉक्स्टर घेणारा आणि साधी होंडा सिव्हिक घेणारा, बाकी सगळं सारखं. एखाद्या भेटीसाठी बॉक्स्टरवाला बायकांना जास्त आवडला. लग्नाच्या प्रश्नावर मात्र त्याला काहीच जादा गुण मिळाले नाहीत, कारण हा माणूस फार दिवस थांबणारा नाही असा अंदाज त्यांनी गाडीवरूनच बांधला. आता तुम्ही स्थळं बघताय. ज्या बाजारात ही गाडी कामाची नाही, नेमके त्याच बाजारात तुम्ही उभे आहात.

मॉन्ट्रियलच्या कॉनकॉर्डिया विद्यापीठातला २००९ चा प्रयोगही लक्षात ठेवा. तरुणांना पोर्शे ९११ चालवायला दिली की त्यांचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) वाढलं, बघायला कोणी असो वा नसो. गाडीचा सगळ्यात खात्रीचा परिणाम चालवणाऱ्यावरच होतो. गाडी स्वतःला आवडते म्हणून घेणार असाल तर तो हेतू पुरेसा आहे, त्याला मुलींचा टेकू नको.

आता पैशांचं. ३० लाखांचं कर्ज, १२ टक्के, पाच वर्षं : हप्ता ६६,७०० च्या आसपास आणि एकूण व्याज दहा लाख. टायरांचा संच लाखाच्या वर सहज जातो. मुलीकडचे विचारतील ते घर, नोकरी आणि डोक्यावरचं कर्ज. हप्ता पहिल्या-दुसऱ्या भेटीतच सांगा. साखरपुड्यानंतर कळलेला हप्ता गाडीपेक्षा महाग पडतो.

तरीही घेणार असाल तर छत थंड गाडीत एकदा आणि तासभर चालवल्यावर पुन्हा दोनदा उघडून मिटवून बघा. पायाखालचा गालिचा उचला. छताच्या कडेच्या निचऱ्याच्या नळ्या पानांनी तुंबल्या की पाणी तिथे उतरतं आणि कुबट वास येतो, तो कुठल्याही परफ्यूमने जात नाही. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे पाहा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचं रबर नक्षी शिल्लक असूनही कडक झालेलं असतं आणि पहिल्या पावसात घसरतं. दिल्लीची गाडी स्वस्त दिसली तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र आणि इथला कर धरून मगच तुलना करा.

प्रश्न : गोव्यात पहिल्यांदा भेटतोय. कन्व्हर्टिबल भाड्याने घेऊन 'आपलीच आहे' म्हटलं तर कळेल का? – कोल्हापूर

कळेल. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि आकडे पिवळे असतात, आणि गोव्यात ते प्रत्येकाला ठाऊक आहे. कोणी पांढऱ्या पाटीची देतो म्हणाला तर ती बेकायदा भाड्याने दिलेली खासगी गाडी असते. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही, त्यामुळे अपघात झाला तर दावा फेटाळला जातो आणि खर्च तुमच्या गळ्यात पडतो. प्री-वेडिंग फोटोंसाठी तासावर मिळणाऱ्या मस्टँगलाही हेच लागू. काळ्या पाटीची घ्या, ताबा घेताना चारी रिम आणि पुढच्या बंपरची खालची कड यांचा व्हिडिओ काढा, आणि 'भाड्याची आहे, मजा म्हणून घेतली' असं सरळ सांगा.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी दोन सीटची गाडी घेतली. बायको दोनदा बसली, आता रिक्षाने जाते. म्हणते पाठ दुखते, भीती वाटते. घोडबंदर रोडला राहतो. – ठाणे

रस्त्याला दोष द्यायच्या आधी आपला पाय बघा. चालवणाऱ्याला पुढचा ब्रेक कधी लागणार हे आधीच माहीत असतं, म्हणून त्याचं अंग तयार असतं. शेजारच्या माणसाला ते कळत नाही. ६० च्या वेगावरून मऊ थांबायला ५५ ते ६० मीटर लागतात. त्याच्या निम्म्या अंतरात गाडी थांबते खरी, पण शेजारचं माणूस पट्ट्यावर लोंबकळतं. स्पोर्ट्‌स गाडीचे ब्रेक चांगले असल्यामुळे उशिरा दाबायची सवय लागते. आठवडाभर लांबूनच पाय उचलायला लागा, आणि थांबायच्या शेवटच्या क्षणी ब्रेक किंचित सैल सोडा म्हणजे मान झटकत नाही.

भीतीचं कारण बहुधा ट्रक. आपल्याकडे ओव्हरटेक करताना ट्रकची चाकं डावीकडे, म्हणजे तिच्या खिडकीशी येतात, आणि इतक्या खुज्या गाडीत तिचे डोळे चाकाच्या नटांच्या उंचीवर असतात. तुम्हाला तिकडे फक्त आरसा दिसतो. ट्रकच्या शेजारी रेंगाळू नका. मागेच थांबा, पुढे पूर्ण जागा झाली की एका दमात निघून जा.

पाठीसाठी आधी हवा तपासा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दोन माणसांसाठीचा आकडा असतो. पंक्चरवाला सगळ्या गाड्यांना एकच आकडा भरतो आणि तो पाच-सहा पीएसआयने जास्त निघाला तर प्रत्येक खड्डा मणक्याला लागतो. सकाळी, टायर थंड असताना भरा. स्टिकरच्या खाली मात्र जाऊ नका, कारण बुटक्या टायरची कड खड्ड्यात रिमला आपटून फाटते. बऱ्याच स्पोर्ट्‌स गाड्यांत स्टेपनीच नसते, आणि सोबतचं सीलंट (पंक्चर बुजवायचा द्राव) फाटलेल्या कडेवर चालत नाही. रात्री रस्त्यात टोइंगची वाट बघणं हे भांडणाचं हमखास निमित्त. सस्पेन्शनचा मोड असेल तर ती बसली की कम्फर्ट. खाली जाड उशी देऊ नका. त्याने कमरेचा पट्टा पोटावर चढतो आणि डोक्यामागचा आधार मानेशी येतो. त्यापेक्षा कमरेच्या खोलगट भागात गुंडाळलेला पातळ टॉवेल पुरतो.

स्पीडब्रेकरवर गाडी थोडी तिरकी घ्या, एकेक चाक चढवा. मापातला ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून बहुतेक गाड्या सावकाश जातात. खरी अडचण गल्लीतल्या अरुंद, उभट उंचवट्यांची, तिथे पोट घासतं.

साडीत बसणं हा वेगळाच विषय आहे आणि गाडी विकणारा तो कधी काढत नाही. या गाड्यांची दारं लांब असतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती पूर्ण उघडत नाहीत. गाडी आधी बाहेर काढा, मग तिला बसू द्या. पाठ सीटकडे करून आधी टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. पदर आत आल्याशिवाय दार लावायचं नाही. छत उघडायचं तर सकाळी नऊच्या आत, काचा वर, मागे वाऱ्याची जाळी, वेग ७०-८०. ओढणीची टोकं बांधलेली हवीत. १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात नर्तिका इसाडोरा डंकनचा जीव मोटारीच्या चाकात अडकलेल्या तिच्याच स्कार्फने घेतला होता.

आणि रविवारी सकाळी चावी तिच्या हातात द्या, तुम्ही डावीकडे बसा. वरच्या निम्म्या गोष्टी दहा मिनिटांत कळतील.

प्रश्न : मी डॉक्टर, वय ३४. गाडी स्वतःच्या पैशाने घेतली. भेटायला येणारी मुलं 'वडिलांची का?' विचारतात, नाहीतर लगेच चावी मागतात. – नाशिक

कार्डिफच्या त्याच प्रयोगात बाईला बेंटलीत बसवल्याने पुरुषांच्या मतात काही बदल झाला नव्हता. गाडीमुळे तुम्ही जास्त आवडाल ही आशा सोडा. चाळणी म्हणून मात्र ती उत्तम आहे. 'वडिलांची का' विचारणारा पहिल्या दहा मिनिटांत ओळखू आला, हे वाईट नाही.

चावीबद्दल : तुमच्या परवानगीने चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स असेल तर पॉलिसी लागू राहते, पण दावा झाला की नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुमचाच जातो. पहिल्या भेटीत नाही म्हणा, कारण देऊ नका. नाही ऐकल्यावर तो कसा वागतो ते बघायला मिळतं, ही जमेची बाजू. ॲपवर टाकायच्या फोटोत नंबर झाका, कारण अशा गाड्या गावात दोन-तीनच असतात आणि नंबरवरून माणूस शोधणं अवघड नाही.

प्रश्न : ब्रेकअप झाला. गाडीचं ॲप तिच्याही फोनवर होतं. काय करावं? – बेंगळुरू

आजच करा. ॲपमध्ये मुख्य खात्यातून दुसरा वापरकर्ता काढा, डिजिटल चावी रद्द करा, पासवर्ड बदला. मग गाडीच्या स्क्रीनवरून तिचा फोन आणि नेव्हिगेशनमधले पत्ते पुसा. हे केलं नाही तर गाडी कुठे उभी आहे ते तिला दिसत राहतं, आणि काही गाड्यांत दारही उघडतं. प्रत्यक्ष चाव्या मोजा. एक कमी असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये ती निष्क्रिय करून मिळते. तुमच्या फोनवर तिच्या गाडीचं ॲप असेल तर तेही काढा, हे सांगायला नको.

प्रश्न : बहिणीचं लग्न ठरलंय. सासरकडून 'जावयाला स्पोर्ट्‌स कार शोभेल' असं दोनदा आलं. मागितलं असं म्हणता येईल का? – सांगली

येईल. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात आडून केलेली मागणीही मागणीच आहे, तिला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. हुंडा देणं-घेणं दोन्ही गुन्हा, त्याला किमान पाच वर्षं. देणाराही त्यात येतो, हे वडिलांना सांगा. न मागता दिलेल्या भेटी चालतात, पण त्यांची लेखी यादी करावी लागते आणि त्या देणाऱ्याच्या ऐपतीला धरून असाव्या लागतात. ते मेसेज पुसू नका. बहिणीला स्वखुशीने गाडी द्यायचीच असेल तर नोंदणी, विमा आणि पावती तिच्या नावावर करा. आणि लग्नाआधीच दोनदा गाडी काढणाऱ्या घरात तिला जायचंय का, हे आधी तिला विचारा.

प्रश्न : रात्री तिला सोडायला गेलो की सोसायटीवाले तक्रार करतात. मी रेसही करत नाही. – मुंबई

गाडी स्वतः करते. थंडावलेलं इंजिन पुन्हा सुरू झालं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) तापवायला ते साधारण अर्धा-एक मिनिट जास्त फेऱ्यांवर चालतं, आणि एक्झॉस्टची झडप उघडी असेल तर तो आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जातो. निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. झडप बंद ठेवणारा मोड निवडा, गेटपाशी इंजिन बंद करू नका, गप्पा कोपऱ्यावर उरका. बाहेरून बसवलेला एक्झॉस्ट असेल तर मूळचा परत बसवा. तिच्या आईवडिलांची पहिली ओळख त्या आवाजाने व्हायला नको.

प्रश्न : बाळ येतंय. दोन सीटची गाडी विकावी का? नवरा तयार नाही. – पुणे

घरात दुसरी गाडी असेल तर लगेच विकायची गरज नाही. हीच एक असेल तर विका. बाळाची सीट किमान १५ महिने मागे तोंड करून लागते, आणि चालू एअरबॅगसमोर ती ठेवणं जीवघेणं आहे. काही गाड्यांत डावी एअरबॅग चावीने बंद करता येते, काहींत ती सोय फॅक्टरीतून घेतलेली असेल तरच. मॅन्युअल उघडून आजच बघा. आणि बाळ डावीकडे बसलं की तुम्ही कुठे बसणार, हा प्रश्न नवऱ्याला विचारा.

ठेवणार असाल तर बॅटरीला मेंटेनन्स चार्जर लावा, नाहीतर तीन-चार आठवड्यांत ती उतरते. विकणार असाल तर नाव बदलायचे आरटीओचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. नाव बदललेलं आरसी दिसेपर्यंत एजंटची काही रक्कम राखून ठेवा, कारण तोवर चलनं तुमच्याच नावावर येतात.