रिस्पॉन्सिबिलिटी नेमकी कुठे तोडायची?

प्रश्न : सातवीचे पोट्टे 'रिस्पॉन्सिबिलिटी' वाचताना अडखळतात आणि लिहिताना हमखास एक 'आय' खातात. फोड करून द्यावी म्हटलं, तर एका गाइडात ६ तुकडे, दुसऱ्यात ४. बरोबर कोणतं?
– एक शिक्षिका, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : दोन्ही. ६ तुकडे उच्चाराचे आहेत, ४ घडणीचे. फळ्यावर उच्चाराच्या रेघा पांढऱ्या खडूने मारा, घडणीच्या रंगीत.

उच्चार असा : रि–स्पॉन्–सि–बिल्–इ–टी. कानाला जितके स्वर येतात तितके तुकडे. शेवटचा 'वाय'ही इथे स्वरच. हनुवटीखाली हात धरून मोजायची युक्ती या शब्दाला फसते, कारण 'इ' म्हणताना जबडा जेमतेम हलतो. त्यापेक्षा टाळी बरी. आपल्या लिपीमुळे आणखी एक चूक होते. 'न्सि' जोडून लिहितो, म्हणून मुलं रि–स्पॉ–न्सि अशी तोडतात. त्यांना 'वर्धा' म्हणायला लावा. लिहिताना 'र्धा' एकत्र, तोंडातून मात्र वर्–धा. इथला 'न्'ही तसाच आधीच्या तुकड्यात राहतो.

मुख्य जोर 'बिल्'वर, त्याहून हलका 'स्पॉन्'वर. 'इटी' लागलेल्या नामात जोर तिच्या लगेच आधीच्या तुकड्यावर पडतो : ह्युमिडिटीत 'मिड्', फर्टिलिटीत 'टिल्'. आपण सगळं एकाच जोरात म्हणून टाकतो, मग मधला स्वर गडप होऊन 'रिस्पॉन्सिब्लिटी' होतं आणि वहीतही तसंच उतरतं. तुमचा 'आय' जातो तो इथे.

घडण : रि + स्पॉन्स + इबल + इटी. लॅटिनमध्ये 'रि' म्हणजे परत; 'स्पॉन्स' वचन देण्याच्या धातूतून आलेलं, स्पॉन्सरही त्याच घरातला. 'इबल'ने विशेषण झालं, 'इटी'ने भाववाचक नाम. घडणीत दुसरा 'एस' स्पॉन्सचा, पण उच्चारात तो पुढच्या 'सि'त जातो. दोन्ही खडूंच्या रेघा जुळत नाहीत ती जागा हीच, आणि मुलांना ती दाखवायलाच हवी.

रिस्पॉन्सिबलच्या शेवटी बी-एल-ई आहे. 'इटी' जोडली की 'ई' गळतो आणि 'बी' व 'एल'च्या मध्ये 'आय' येतो. मूळ लॅटिन प्रत्यय 'बिलिस', त्यातला स्वर पुन्हा वर येतो इतकंच. बी-आय-एल-आय-टी-वाय हे शेपूट एका दमात पाठ करून घ्या, पॉसिबिलिटीलाही तेच चालतं. विशेषणात 'एबल' असेल तर मात्र 'बी'च्या आधी 'ए' टिकतो, जसं केपेबलचं केपेबिलिटी. आपल्या शब्दात एकूण अक्षरं १४, त्यात 'आय' ३ आणि 'ए' एकही नाही. वही तपासताना एवढं पाहिलं तरी भागतं.

ओळीच्या शेवटी शब्द मावत नसेल तर परीक्षेत अख्खा पुढच्या ओळीवर घ्यावा. छपाईत तोडायचाच झाला तर 'सि'नंतर तोडावा. नुसतं टी-वाय खाली पाडू नये.