हापूसला थंडी हवी, पण तिच्या वेळेला

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची कातळावर लावलेली हापूसची साठ कलमे आहेत. वडिलांच्या काळी दिवाळी सरताच मोहोर दिसू लागे. आता डिसेंबरातही पालवीच फुटते आणि आलेला मोहोर टिकत नाही. हा हवामानबदल म्हणावा, की वाईट वर्षांचा योगायोग? हापूस काढून दुसरे काही लावावे का? – एक बागायतदार

उत्तर : एखाद्या वर्षीच्या नुकसानीचे खापर हवामानबदलावर फोडता येत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. परंतु १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले आहे, आणि मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत त्या महिन्यासाठी सर्वाधिक ठरले. आपल्या बागेत जे दिसते ते या वाढीशी जुळणारे आहे, असे माझे मत आहे.

मात्र हापूसचे दुखणे केवळ उष्णतेचे नाही, ऋतूंचा क्रम बिघडल्याचे आहे. पाऊस सप्टेंबरअखेर थांबावा, ऑक्टोबरच्या उन्हात कातळावरची जमीन सुकून झाडाला ताण बसावा, आधीची पालवी पिकून पक्की व्हावी आणि मग थंडी पडताच फांद्यांच्या डोळ्यांतून, म्हणजे कळ्यांतून, मोहोर बाहेर यावा, अशी या झाडाची रीत आहे. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की ताण मोडतो, त्याच डोळ्यांतून पालवी फुटते आणि ती पक्की होईपर्यंत थंडीचे दिवस निघून जातात. ढगाळ, दमट हवेत तुडतुड्यांची कीड आणि करपा रोग बळावतात, त्यामुळे फवारण्या वाढतात. लहान बागायतदाराचे कंबरडे मोडते ते बहुधा या खर्चाने.

थंडीही अवेळी आली तर घातकच ठरते. फळे वाटाण्याएवढी असताना जानेवारीत कडाक्याची थंडी लांबली, तर त्याच फांद्यांवर पुन्हा मोहोर येतो, झाडातले अन्न तिकडे वळते आणि धरलेली फळे गळून पडतात. हा पुनर्मोहोर टाळण्यासाठी मोहोर पूर्ण फुललेला असताना आणि पुन्हा फळे वाटाण्याएवढी झाल्यावर जिब्रेलिक आम्ल या वाढ-संजीवकाची ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम, फवारणी करण्याची शिफारस आहे. ती करण्यापूर्वी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना आपल्या झाडांची अवस्था अवश्य सांगावी.

पाण्याची थोडीफार सोय असेल तर माझा सर्वाधिक आग्रह पाणी आणि आच्छादन यांसाठी राहील. फळे वाटाणा ते सुपारीएवढी असताना प्रत्येक कलमाला १५० ते २०० लिटर पाणी, १५ दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा दिल्यास गळ कमी होते. बुंध्याभोवती गवताचे किंवा पाल्याचे आच्छादन घातल्यास तापलेल्या कातळाची धग फळांपर्यंत कमी पोहोचते आणि साक्याचे, म्हणजे फळाचा गर आतून पांढरट आणि स्पंजासारखा होण्याचे, प्रमाणही घटते. फळे अंड्याएवढी झाली की त्यांना कागदी पिशव्या घालाव्यात; कष्टाचे काम आहे, पण फळ उन्हाने भाजण्यापासून वाचते.

हापूस काढू नये. वाढलेली साठ कलमे तोडली, तर ती उभी करण्यात गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. मात्र नव्या लागवडीत किंवा मेलेल्या झाडांच्या जागी काही ‘रत्ना’ लावावीत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली ही जात नियमित फळते आणि तिच्यात साका होत नाही. तिचा भाव हापूसचा नाही, हे खरे. परंतु घराचे वर्ष एकाच जातीच्या मोहोरावर टांगून ठेवण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

फळपीक विमा उतरवत असाल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या योजनेत भरपाई आपल्या बागेतले नुकसान मोजून मिळत नसून महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. म्हणून ते केंद्र आपल्या वाडीपासून किती दूर आणि किती उंचीवर आहे, याची चौकशी हप्ता भरण्यापूर्वीच करावी.

प्रश्न : मार्च-एप्रिलमध्ये हापूस परवडत नाही आणि मेअखेरीस एकदम ढीग येतात, असे का? – एक गृहिणी, पुणे

उत्तर : मोहोरापासून फळ तयार होण्यास साधारण चार महिने लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरचा मोहोर कमी टिकला की मार्च-एप्रिलचा आंबा कमी येतो आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या मोहोराचा सारा आंबा मे महिन्यात एकदम उतरतो. त्यातच २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोहोचला. अशा वर्षी बागायतदाराला उरलेला आंबा घाईने काढावा लागतो आणि मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. आपल्याला तो स्वस्त मिळतो, तेव्हा कोकणात कोणाचे तरी वर्षाचे गणित चुकलेले असते.