सत्तर वर्षं दात ठणठणीत, आता हिरडीपाशीच कसे किडले?

तुम्ही लिहिलंय, आईंचं वय ७२, आयुष्यात एकही दात भरला नव्हता आणि आता वर्षभरात तीन दात हिरडीलगत किडले. मी डॉक्टर नाही. इंदूरला रामबागेत राहणारा निवृत्त बँकवाला, पण अगदी याच वाटेनं गेलोय.

रात्री माझ्या तोंडाला कोरड पडायची, जीभ टाळूला चिकटून जाग यायची. उशाशी खडीसाखरेची डबी होती. एक खडा गालात धरला की बरं वाटायचं. पुढे इथल्या एमवाय हॉस्पिटलजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजात दाखवलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हातात आरसा दिला. खालच्या सुळ्याच्या बुडाशी तपकिरी पट्टा, हात लावला तर चामड्यासारखा मऊ. दुखत काहीच नव्हतं!

हिरडी उतरली की दाताचं मूळ उघडं पडतं आणि मुळावर इनॅमल, म्हणजे दाताचं कठीण कवच, नसतंच. इनॅमल साधारण ५.५ पीएचला (आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) विरघळायला लागतं, मूळ मात्र ६ च्या वरच. म्हणजे जंतूंनी साखर खाऊन केलेलं हलकंसं आम्लही त्याला पुरतं. ते आम्ल मारायचं आणि झीज भरायला कॅल्शियम-फॉस्फेट पुरवायचं काम लाळेचं. दिवसाला अर्धा ते दीड लिटर सुटणारी लाळ झोपेत जवळजवळ थांबते. नेमकी तेव्हाच माझी खडीसाखर चालू!

लाळ नुसत्या वयानं फारशी आटत नाही, बऱ्याचदा औषधांनी आटते. माझ्या बाबतीत वारंवार लघवी होण्यावरची गोळी निघाली. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही होतं. आईंच्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, परस्पर काही बंद करू नका. आणि त्या गालात काय धरतात तेही बघा: सुपारी, खडीसाखर घातलेली सौंफ, खोकल्याची गोड गोळी. पोह्यांबरोबरची जिलबी मी अजून खातो, ती पाच मिनिटांत संपते. घात करतं ते तासभर विरघळत राहणारं.

मला ५००० पीपीएम (दहा लाख भागांत ५००० भाग) फ्लोराइडची पेस्ट लिहून दिली. ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही, हे जमायला महिना गेला. दोन दात भरले. तिसऱ्याला सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, म्हणजे कीड थांबवणारं औषध, नुसतं वरून लावलं. ना ड्रिल, ना सुई, पण किडका भाग कायमचा काळा पडतो. माझी दाढ होती म्हणून चाललं. पुढच्या दाताला सुचवलं तर आधी आईंना विचारा.