आंद्रेआ : श्रीयुत की श्रीमती?

प्रश्न : माझ्या मुलीच्या कार्यालयात मिलानहून ‘आंद्रेआ’ या नावाने पत्रे येत. या कोणी बाई असाव्यात, असे सर्वांनी गृहीत धरले होते. भेटीला आले ते मात्र दाढीवाले गृहस्थ! इटलीत पुरुषांची नावे आकारान्त असतात काय? आणि त्या नावांना आपल्या नावांसारखा अर्थ असतो काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घोटाळा झाला तो इंग्रजीमुळे, कारण इंग्रजीत हे नाव मुलींचे आहे. एरवी अण्णा, आप्पा, दादा म्हणणाऱ्या आपल्या कानांना आकारान्त पुरुषनाम खटकण्याचे कारण नव्हते. इटालियनमध्ये ‘ओ’कारान्त नावे सामान्यतः पुरुषांची आणि आकारान्त नावे स्त्रियांची असतात हे खरे, परंतु आंद्रेआ, लुका, मात्तिआ, एलिआ ही नावे ग्रीकमधून लॅटिनमार्गे आलेली असून, मूळ ‘आंद्रेआस’, ‘लुकास’ यांतला शेवटचा ‘स’, ‘रामः’मधला विसर्ग मराठीत गळून पडावा तसा, इटालियनमध्ये गळून पडला आहे. गंमत अशी, की ‘आंद्रेआ’च्या मुळाशी ग्रीकमधील ‘पुरुष’ याच अर्थाचा शब्द आहे. बाळाचे नाव त्याच्या लिंगाशी जुळणारे असावे, असा तिकडे नियम असल्याने मुलीला हे नाव ठेवण्यावरून वाद होत. अखेर २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यास मुभा दिली.

अर्थ बहुतेक नावांना असतो. क्यारा म्हणजे तेजस्वी, बेआत्रिचे म्हणजे सुख देणारी. लेओनार्दो, अल्बेर्तो, फेदेरिको ही नावे अस्सल रोमन वाटतात खरी, पण मुळात ती जर्मानिक आहेत. लेओनार्दो म्हणजे सिंहासारखा शूर. फ्रान्चेस्कोचा मूळ अर्थ ‘फ्रान्सकडचा’ एवढाच आहे. आसिसीच्या संत फ्रान्सिसचे बाप्तिस्म्याचे नाव जोव्हान्नी होते. कापडाच्या व्यापारानिमित्त फ्रान्सला गेलेल्या वडिलांनी परतल्यावर त्याला फ्रान्चेस्को म्हणण्यास सुरुवात केली, असे सांगतात. आज हे नाव इतके रुळले आहे, ते अर्थामुळे नव्हे, तर त्या संतामुळे. नेपल्सकडे जेन्नारो हे नाव दिसते तेही तेथील ग्रामदैवतासमान संतामुळे. शब्दाचा संबंध मात्र जानेवारी महिन्याशी आहे.

दक्षिण इटलीत थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव देण्याची जुनी रीत आहे, आणि त्यासाठी आजोबा दिवंगत असण्याची अट नसते. स्वतः वडील हयात असताना त्यांचेच नाव मुलाला ठेवण्यास मात्र तेथील कायद्याची मनाई आहे.