१९९९ च्या स्कॉटिश पार्लमेंटच्या पहिल्या निवडणुकीत मजूर पक्षाला ७३ पैकी ५३ मतदारसंघ मिळूनही बहुमत का मिळालं नाही?

कारण सभागृह ७३ चं नव्हतं, १२९ चं होतं. ६ मे १९९९ ला प्रत्येक मतदाराने दोन मतं दिली: एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं प्रादेशिक यादीला, म्हणजे आपल्या प्रदेशासाठी पक्षाने दिलेल्या उमेदवारांच्या यादीला. आठ प्रदेश, प्रत्येकी सात जागा, म्हणजे ५६. यादीच्या जागा वाटताना त्या प्रदेशात पक्षाने आधीच जिंकलेले मतदारसंघ हिशेबात धरतात. त्यामुळे भरपूर मतदारसंघ जिंकलेल्या मजूर पक्षाच्या वाट्याला यादीतून फक्त ३ जागा आल्या. एकूण ५६, बहुमताला हवे होते ६५.

स्कॉटिश नॅशनल पार्टीचं उलट झालं: मतदारसंघ ७, यादीतून २८. खरी गंमत हुजूर पक्षाची. १९९७ च्या सार्वमतात त्यांनी या पार्लमेंटलाच विरोध केला होता. मतदारसंघ एकही जिंकता आला नाही, तरी यादीने त्यांना १८ जागा दिल्या! आपल्यासारखी 'ज्याची मतं जास्त तो विजयी' एवढीच पद्धत असती, तर त्यांचा एकही सदस्य आत दिसला नसता.

शेवटी १७ जागांच्या लिबरल डेमोक्रॅट्सना सोबत घेऊन मजूर पक्षाचे डोनाल्ड ड्यूअर पहिले फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख झाले.