वाचकांचे सवाल: सेकंडहँड रिव्हॉल्वर दुकानात बघायचं कसं?

प्रश्न: मला .३२ बोअरच्या हत्याराचं लायसन्स मिळालंय आणि खरेदीची मुदत चालू आहे. एका डीलरकडे दोन जुनी रिव्हॉल्वर बघितली, एक कानपूरच्या सरकारी कारखान्याचं आणि एक इंग्लंडची जुनी वेबली. वेबली नुकतीच पॉलिश केलीय, एकदम कोरी दिसते. कानपूरचं घासलेलं, रंग उडालेला, पण बरंच स्वस्त. मला यातलं काही कळत नाही. दुकानात उभं राहून नेमकं काय बघू? – एक वाचक, डिचोली

उत्तर: भाऊ, तुम्ही ज्या कोऱ्या वेबलीवर भाळलाय ना, मला तिचीच जास्त भीती वाटते. जुन्या हत्याराचा काळा-निळा रंग नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या (गोळ्या भरायच्या फिरत्या भागाच्या) कडेला उडतोच, कव्हरमधून काढ-घाल केल्यावर उडणारच, त्यात काही वाईट नाही. वाईट असतात ते गंजाचे खड्डे, आणि आपल्या गोव्यात ते हमखास होतात, कारण लोक चामड्याच्या कव्हरमधेच घालून कपाटात ठेवतात, चामडं पावसाळाभर ओल धरतं आणि चार महिन्यांत खेळ खलास. इलेक्शनच्या वेळी ठाण्यात जमा करून परत आणलेली हत्यारंही तशीच, आणल्यावर तेलाचा हात फिरवला नसेल तर संपलं. मग विकायच्या आधी मालक ते खड्डे घासून काढतो आणि नवीन रंग चढवतो. ओळखायचं कसं, तर कडा बघा, धारदार हव्यात, साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील तर घासलंय. कोरलेली अक्षरं पुसट झालीत का बघा. आणि दुकानदाराला सांगून मुठीच्या पट्ट्या काढायला लावा, एकच स्क्रू असतो, तिथे खाली कोणी पॉलिश करत नाही, खरी हकीकत तिथेच कळते. काढू दिल्या नाहीत तर तेही एक उत्तरच आहे.

हत्यारावरचा नंबर पुसट असेल तर मात्र पुढे काही बघूच नका. आर्म्स ॲक्टच्या कलम ८ प्रमाणे ओळखीचे आकडे खोडलेलं हत्यार विकता येत नाही, आणि तसलं तुमच्याकडे सापडलं तर कायदा असं धरूनच चालतो की ते तुम्हीच खोडलं, नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. कोर्टाच्या पायऱ्या कोणी सांगितल्यात!

आता हातात घ्यायचं. आधी उघडून सिलिंडरमधली गोळ्यांची सहाही घरं रिकामी आहेत ते स्वतः बघा, दुकानदाराने आताच दाखवलं असलं तरी परत बघा. तोंड माणसांच्या दिशेने नको, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि रिकामा ट्रिगर ओढायच्या आधी त्याला विचारा.

तुमची दोन्ही हत्यारं एकाच घराण्यातली, कानपूरच्या .३२ चं डिझाइन वेबलीवरूनच आलंय, दोन्ही वरची खिट्टी दाबली की मधे मोडतात आणि नळी खाली झुकते. म्हणून सगळ्यात जास्त वेळ द्या त्या बिजागरीला आणि खिट्टीला. बंद करा, एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी, आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. खटखट लागली तर ठेवून द्या, कितीही सुंदर असो. नवीन आहेत तोपर्यंत हे रिव्हॉल्वर मजबूत असतात पण झिजतात ते तिथेच, आणि जुन्या इंग्लिश मालाचे पार्ट मिळणं कठीण, मग कोणीतरी कानस मारून, ठोकून बसवतो आणि ते चार दिवस टिकतं. परदेशी हत्यारांची सामान्य लायसन्सवाल्यांसाठीची आयात ऐंशीच्या दशकातच बंद झालीय, म्हणून त्या वेबलीला भाव आहे. तो भाव दुर्मिळपणाचा आहे हो, तब्येतीचा नाही.

मग सिलिंडर. हॅमर (मागचा घोडा) अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकंच टेकवून ठेवा, म्हणजे तो स्वतःच्या वेगाने पुढे जाणार नाही. हॅमर पूर्ण मागे जाऊन बसायच्या आत सिलिंडर जागेवर लॉक झाला पाहिजे. सहाही घरांना करा, पाच बरी आणि एक लंगडं असं पुष्कळदा असतं. घर नळीसमोर नीट आलं नाही तर शिशाचे बारीक तुकडे बाजूने उडतात आणि शेजारी उभा असलेल्याच्या गालात जातात. नंतर हॅमर खाली सोडून ट्रिगर दाबलेलाच ठेवा आणि सिलिंडर हलवा, केसभर हलला तर चालेल, टकटक वाजला तर नाही. शेवटी हॅमर मागे ओढून ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने मागून पुढे ढकला. पडला तर ते हत्यार खिशात ठेवायच्या लायकीचं नाही.

सिलिंडर आणि नळीमधल्या फटीसाठी गॅरेजवाल्याकडचा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन जा, दुकानदार हसेल, हसू दे. ०.१ ते ०.२ मिलिमीटर बरं, ०.२५ च्या पुढे गेलं की मी घेणार नाही. नळीत मागून टॉर्च मारा, आतल्या चऱ्या ठळक दिसायला हव्यात, आणि कुठे काळी गोल रिंग दिसली तर नळी आतून फुगलीय, म्हणजे एक गोळी अडकली असताना मागून दुसरी झाडलेली. स्क्रूच्या खाचा चावल्यासारख्या दिसल्या तर कोणीतरी घरच्या घरी उघडून बघितलंय.

थोडक्यात मी कानपूरचं आधी बघेन. त्याची बिजागरी घट्ट असेल तर रंग उडालेला असू दे, घ्या. पार्ट आणि दुरुस्ती त्याचीच सोपी. जमलं तर एखादा रिटायर्ड आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) बरोबर न्या, त्याला दोन मिनिटं पुरतात. कागदांमधे आधीच्या मालकाच्या लायसन्सवरचा नंबर आणि हत्यारावरचा नंबर आकडा-आकडा जुळवा, डीलरचं बिल घ्या, आणि तुमच्या लायसन्सवर नोंद झाल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका.

प्रश्न: डीलर नको, ओळखीच्या लायसन्सवाल्या माणसाकडूनच थेट घेतलं तर? – एक वाचक, फोंडा

उत्तर: घेता येतं, पण त्याने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायला हवं आणि त्यानंतर ४५ दिवस जायला हवेत. त्या आधी हत्यार हातबदल करायचं नाही, अगदी "ठेव रे तुझ्याकडे" म्हणूनसुद्धा नाही.

प्रश्न: रिव्हॉल्वरऐवजी जुनं अशनी पिस्तूल स्वस्तात मिळतंय. दोन्ही .३२ च, मग घरातल्या त्याच गोळ्या चालतील ना? – एक वाचक, मडगाव

उत्तर: नाही चालणार! रिव्हॉल्वरची गोळी लांब, पिस्तुलाची आखूड, नाव .३२ असलं तरी वेगळी. पिस्तुलात मॅगझिन (गोळ्यांची पेटी) आधी बघायचं, वरचे ओठ वाकलेले असतील तर गोळी अडकते. मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून सोडा, जोरात परत आली पाहिजे, रेंगाळली तर स्प्रिंग थकलीय.

प्रश्न: आजोबांची रानडुकरांसाठीची बारा बोअर आमच्याकडे आहे, ते ७४ वर्षांचे आहेत. ती माझ्या नावावर करून शिवाय रिव्हॉल्वरही घेता येईल का? – एक वाचक, वाळपई

उत्तर: आजोबा हयात असतानाच वारसाच्या नावावर होऊ शकते, २०१६ च्या नियमांप्रमाणे मालक ७० चा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं तर अर्ज करता येतो. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं, आधी तीन होती. म्हणजे बंदूक आणि रिव्हॉल्वर झाले की तुमचा कोटा संपला. पण शेतीच्या बंदुकीचं लायसन्स शेतीसाठीच असतं, रिव्हॉल्वरला वेगळं कारण दाखवावं लागेल, आणि ते डुकरांचं दाखवू नका म्हणजे झालं.