तंबोरा पार्सलने पाठवताना

प्रश्न : वेगवेगळ्या गावांतील आम्ही काही हौशी गायक-वादक एकच मिरजेचा तंबोरा आळीपाळीने वापरणार आहोत. तो पार्सलने पाठवताना तारा काढून टाकाव्यात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पूर्ण काढू नयेत. तारांच्या दाबामुळे घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, जागेवर राहण्यास मदत होते, म्हणून तारा काही स्वरांनी उतरवून घोडीभोवती मऊ कापड बांधावे. खरा धोका भोपळ्याला असतो. तो वाळवलेल्या फळाचे कवच असल्याने धक्क्याने वाकत नाही, थेट तडकतो, आणि म्हणून तो कडक खोक्यात फोमवर बसवून दांडीलाही स्वतंत्र आधार द्यावा. नुसत्या गवसणीवर विसंबणे आमच्या मते धाडसच आहे. जवारीचे दोरे, म्हणजे नाद खुलावा म्हणून तारा आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेले धागे, वेगळ्या पाकिटात ठेवावेत, नाहीतर ते हमखास हरवतात. पाठवणाऱ्याने बांधणीपूर्वी आणि घेणाऱ्याने खोके उघडताच छायाचित्रे काढावीत. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा हे मात्र पहिल्या फेरीआधीच लिहून ठेवलेले बरे, कारण मैत्रीत हा विषय नंतर काढणे अवघड जाते. वाद्य जुने असून त्यावर हस्तिदंताचे काम असेल, तर ते परदेशातील सदस्याकडे पाठवू नये. वन्यजीवविषयक कायदे त्याबाबत कडक आहेत.